‘व्यसन’ शब्दाचा विसरलेला अर्थ

संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक दुर्गुण, दुसरा आपत्ती. मराठीत आपण पहिला तेवढा ठेविला. डॉ. अनिता अवचट यांनी आपल्या उपचारांत दुसरा अर्थ पुन्हा जागा केला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. ‘गर्द’ नामक मादक भुकटीने तरुण मुले ग्रासली जात आहेत, हे पाहून त्यांनी व त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र काढिले. रुग्ण हा अपराधी नव्हे, आजारी होय, ही तेथील दृष्टी. औषधाने शरीराची तडफड शमते. मनासाठी मात्र ३५ दिवसांचा सहवास, नियमित दिनचर्या आणि गटातील मोकळे बोलणे. व्यसनातून सुटलेलेच कित्येक पुढे समुपदेशक झाले. ज्याने ती वाट तुडविली, त्याचा शब्द पटतो. रुग्णांच्या पत्नींसही तेथे आधार मिळू लागला.

अनिताबाई १९९७ साली निवर्तल्या. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते कार्य पुढे चालविले.

आमच्या तासगावासारख्या गावी मुलगा पिऊ लागला की आधी दार लोटतात, मग नवस, मग शपथा. वैद्याचे घर सर्वांत शेवटी. वाचकहो, घरास आग लागली असता आपण लाजत नाही, शेजाऱ्यास हाक मारतो. ही हाकही वेळेवर मारावी.