आरशाखालचा तोल

मोठ्या दुर्बिणीची बातमी आली की आरसा किती मीटरचा, हे ठळक अक्षरांत छापून येतं. तो आरसा टेकलाय कशावर, हे कुणी सांगत नाही. दुर्बिणीची अर्धी करामत तर तिथेच असते!

काच कितीही कडक वाटली तरी स्वतःच्या वजनानं वाकते. जाडी तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर हा बाक सोळापट होतो. इथे चूक खपते ती मिलिमीटरच्या काही लाखांश इतकीच. शिवाय ताऱ्यामागे फिरताना दुर्बीण कलत जाते आणि आरशावरच्या भाराची दिशा रात्रभर बदलत राहते.

मग खाली भरपूर टेकू द्यावेत? तीन टेकूंवर वस्तू नेमकी बसते. चौथा आला की कोण किती भार घेतोय याचा भरवसा उरत नाही.

यावर तोडगा काढला डब्लिनच्या थॉमस ग्रब यांनी. पुढे बँक ऑफ आयर्लंडसाठी नोटा छापायची यंत्रं बनवणारे हे इंजिनिअर. 1835 मध्ये आर्मा वेधशाळेसाठी 15 इंची आरशाची दुर्बीण बांधताना त्यांनी आरसा तरफांवर तोलला. घोडागाडीत मध्यावर फिरणारा आडवा दांडा दोन घोड्यांची ओढ सारखी वाटतो. तशीच इथे भाराची वाटणी होते. प्रत्येक टेकूवर एक डुलता त्रिकोण, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर आणखी एक. तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. मुळाशी मात्र तीनच बिंदू.

लॉर्ड रॉस यांच्या 1845 च्या 'लेव्हायथन' दुर्बिणीचा सुमारे तीन टनी धातूचा आरसा याच पद्धतीनं तोलला होता. त्यातूनच एम51 या दीर्घिकेचे सर्पिल फाटे पहिल्यांदा दिसले. त्या शोधाबरोबर रॉस यांचं नाव हमखास येतं, ग्रब यांचं क्वचितच. हा अन्याय आहे.

विसाव्या शतकात दुर्बीणतज्ज्ञ रेमंड विल्सन यांनी टेकूंनाच कामाला लावलं. संगणक ताऱ्याची प्रतिमा तपासतो आणि त्यानुसार प्रत्येक टेकूचा दाब कमीजास्त होतो. म्हणूनच चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणींचे 8.2 मीटरचे आरसे जेमतेम 17.5 सेंटिमीटर जाड असूनही चालतात. प्रत्येकाखाली असे 150 टेकू आहेत. नैनितालजवळ देवस्थळच्या 3.6 मीटरच्या आरशाखाली 69.

ग्रब यांची युक्ती मात्र मोडीत निघाली नाही. नियोजित थर्टी मीटर टेलिस्कोपमध्ये 492 षटकोनी आरसे असतील आणि प्रत्येकाला तरफांनी जोडलेल्या 27 बिंदूंचा आधार असेल. पुण्याची आयुका ही खगोलसंस्था ज्यात सहभागी आहे, त्या भारतीय गटाच्या वाट्याला आलेल्या कामांत हे आधारसंच बनवणंही आहे.