अस्तराची गोष्ट : बडोद्याच्या हौशी गाड्या आणि पेट्रोलची वाट

बडोदे आणि पेट्रोल यांची सोयरीक जुनी. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. जवळच्या हालोलला आधी हिंदुस्थान मोटर्सचे ट्रक, मग १९९६ पासून जनरल मोटर्सची ओपेल अ‍ॅस्ट्रा, २०१७ मध्ये तो कारखाना मिटल्यावर एमजी. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या हिरवळीवर ‘२१ गन सॅल्यूट’चं जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं. अशा ठिकाणी रंग, क्रोम, गाद्या, दिवे यांचं कौतुक होतं. टाकीतून निघून इंजिनापर्यंत पोचणाऱ्या तीन-चार मीटर वाटेकडे मात्र कुणी वाकून पाहत नाही. हा लेख त्या वाटेचा.

सुरुवातीच्या गाड्यांत तांब्याची नळी, पितळी नट आणि ऑलिव्ह (नटाखाली नळीवर आवळली जाणारी कडी). तांबं हाताने वळतं, म्हणून मिस्त्रींचं लाडकं. पण थरथरीने ते कडक होतं आणि नेमकं नटापाशी चिरतं. शिवाय तांब्याच्या सहवासात पेट्रोल लवकर चिकट होतं. तरी ‘जुन्या गाडीला तांबंच शोभतं’ असं छातीठोकपणे सांगणारे जाणकार आजही भेटतात. शोभेचं खातं वेगळं, पेट्रोलचं वेगळं.

अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात इंजिनावरचा यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल ओढायचा. दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार. साधा रबरी होज आणि जुबली क्लिप एवढ्यावर काम भागायचं. अडचण दाबाची नव्हती, ओढीची होती : जुना होज आतून मऊ पडला की ओढीने चपटायचा आणि चढावर गाडी मरायची. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर गेला की सायलेन्सरजवळून नेलेल्या नळीत पेट्रोलची वाफ अडायची, आणि बॉनेटखाली ओलं फडकं टाकून बसायची वेळ यायची. मारुती ८०० ने यात फार भर घातली नाही. खरा पालट झाला तो इंजेक्शनमुळे. रॅलीवाल्यांची जिप्सी २००० मध्ये कार्ब्युरेटरवरून इंजेक्शनवर आली आणि नळीतला दाब एकदम तीन बारच्या घरात गेला. पद्मिनीचा होज तिथे लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

प्रस्तुत लेखकाचा जुना हट्ट इथेच सुरू होतो : गाडीखालची बहुतेक वाट पोलादी नळीची असावी आणि होज फक्त जिथे हालचाल आहे तिथे, वीतभर. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं, चासी डुलत नाही. त्या दोघांमधल्या अंतरापुरताच होज. बाकी सगळी पोलादी किंवा तांबं-निकेल मिश्रधातूची नळी, ठरावीक अंतरावर रबर लावलेल्या पट्ट्यांनी धरलेली, सायलेन्सरपासून लांब, प्रोपेलर शाफ्टपासून त्याहून लांब. नळी कापली की आतली-बाहेरची धार काढायची. नट आधी ओवायचा (तो विसरण्याचा अनुभव प्रत्येक मिस्त्रीला आहे). मग दुहेरी फ्लेअर : कडा एकदा आत दुमडून मग पसरवायची, म्हणजे शंकूवर पत्र्याचे दोन थर बसतात आणि कड चिरत नाही. होज चढवायचा असेल तिथे टोकाला कंगोरा उठवायचा, आणि क्लिप त्या कंगोऱ्याच्या मागे. असं टोक हाताने नीट काढणारे मिस्त्री आता बोटांवर मोजण्याइतके. नवी मुलं हुशार आहेत, पण टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत अखंड होज ओढून मोकळी होतात. फ्लेअरिंगचं हत्यार पेटीत गंजतं आहे.

त्या अखंड होजवर बहुधा चमचमती स्टीलची वेणी असते. वेणी पाहून होज निवडणं म्हणजे जरीचा काठ पाहून साडी घेणं. वेणी दाब सोसते, पण पेट्रोलला सामोरं जातं ते आतलं अस्तर. वेणीखाली रबर फुटलं तरी बाहेरून दिसत नाही, आणि तीच वेणी शेजारच्या नळीला कानशीसारखी घासत राहते.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) हायड्रॉलिकच्या दुकानांचा मोहही असाच. हायड्रॉलिकचा होज दोनशे बार सोसतो, मग पेट्रोलला काय होणार, असा युक्तिवाद होतो. पण तो होज बनतो खनिज तेलासाठी. पेट्रोलसाठी, त्यातही इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, नाही. हायड्रॉलिकवाल्याकडे घेण्यासारखी वस्तू म्हणजे जेआयसी फिटिंग : ३७ अंशांचा शंकू, आणि आटे अमेरिकी विमानांतून आलेल्या एएन फिटिंगचेच. सहा नंबर म्हणजे सहा सोळांश, अर्थात ३/८ इंच. आटा ९/१६ इंची, इंचाला १८ चा. मात्र मोटारींची जुनी नळी ४५ अंशांची. दोघांची जबरदस्तीने गाठ मारली तर नट बसतो आणि पेट्रोल पाझरतं. पाइपच्या आट्यांचंही तसंच. पाव इंची ब्रिटिश बीएसपीला इंचात १९ आटे, अमेरिकी एनपीटीला १८ : दोन-तीन फेरे गोडीत जातात, मग आटा मरतो. आणि फ्लेअरच्या नटाखाली पांढरी टेप गुंडाळणाऱ्यांना काय सांगावं! फ्लेअर शंकूवर बंद होतो, आट्यावर नाही. आणि टेपचा तुकडा जाऊन बसतो थेट कार्ब्युरेटरच्या सुईखाली.

आकाराची हौस वेगळीच. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला तीसेक लिटर पितं; त्याला सहा नंबर पुरून उरतो. तरी पद्मिनीला आठ नंबर लावणारे आहेत.

खरी परीक्षा आता आहे. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल आलं, २०२२ मध्ये देशभर दहा, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीतला जुना चिकटा सोडवून फिल्टरात आणतं आणि जुनं नायट्राइल रबर फुगवतं. इंजेक्शनसाठी फ्लुओरोरबरच्या अस्तराचा होज हवा, म्हणजे एसएई जे-३० या मानकातला आर-९. आर-६ आणि आर-७ कमी दाबाचे. टाकीत बुडणाऱ्या पंपाला आर-१०च, कारण बाकीच्यांची बाहेरची साल पेट्रोलसाठी नसते. टेफ्लॉनचा होज उत्तम, पण अस्तर कार्बन मिसळलेलं काळं हवं, नाहीतर वाहत्या पेट्रोलाने स्थिर वीज साठते. आणि त्याची फिटिंग वेगळी, रबराची चालत नाही. प्रदर्शनात गाडी मूळ दिसायला हवी असेल तर बाहेरून सुती वेणी असू द्या, आत नवं अस्तर. परीक्षक नळी कापून बघत नाहीत.

ज्यांच्या घरी कार्ब्युरेटरची गाडी आहे त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत इंजिन थंड असताना बॉनेट उघडावं आणि होजवरची छपाई वाचावी. छपाई नसेल, किंवा होज दाबल्यावर तडे दिसत असतील, तर गाडी चालू न करता तो बदलावा. सोबत क्लिपही नव्या, गोल कडांच्या, घ्याव्यात.