पडद्यावरचे नागरिकशास्त्र

इ. स. १७८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया या नगरात निरनिराळ्या संस्थानांचे प्रतिनिधी एकत्र जमले होते. आपल्या नव्या देशाची राज्यघटना त्यांना सिद्ध करावयाची होती. सभेत चाललेली चर्चा बाहेर कोणापाशी बोलावयाची नाही, असा कडक नियम होता. त्या सभेत जेम्स मॅडिसन नावाचे एक प्रतिनिधी होते. ते अध्यक्षांच्या समोर बसत, प्रत्येक वक्त्याचे म्हणणे थोडक्यात उतरवून घेत आणि मागाहून ते विस्ताराने लिहून काढीत. ही टिपणे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. १८३६ साली त्यांचे निधन झाले व १८४० साली टिपणे छापली गेली. मॅडिसन यांनी टिपलेली ती चर्चा लोकांच्या हाती पडण्यास अशी ५३ वर्षे लागली!

आज काळ पालटला आहे. ती टिपणे आता संकेतस्थळांवर वाचावयास मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ साली ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ सुरू केले. मॅडिसन, वॉशिंग्टन, जेफरसन इत्यादी पुरुषांची सहस्रावधी पत्रे त्यावर आहेत आणि ती वाचण्यास एक पैसाही पडत नाही. जे पाहण्यासाठी पूर्वी विद्वानांना दूरचा प्रवास करावा लागे, ते आज खेड्यातील मुलगाही पाहू शकतो.

परंतु मुलांनो, ग्रंथालयाचे दार उघडे असले म्हणून कोणी विद्वान होत नाही. हजारो कागदांतून नेमका कोणता वाचावा, त्याचा अर्थ कसा लावावा आणि त्याचा आपल्या जीवनाशी काय संबंध आहे, हे दाखविणारा कोणी तरी लागतो. तो म्हणजे शिक्षक होय. म्हणून १९८६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, मॅडिसन यांच्या नावे शिक्षकांसाठी एक अधिछात्रवृत्ती स्थापन केली. तिलाच इंग्रजीत फेलोशिप म्हणतात. इतिहास व नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांना राज्यघटनेचे उच्च शिक्षण घेता यावे, यासाठी तिच्याद्वारे जास्तीत जास्त २४,००० डॉलरांचे साहाय्य मिळते. त्याबद्दल एक अट असते. जितकी वर्षे साहाय्य घ्यावे, तितकी वर्षे शिक्षकाने वर्गात शिकविले पाहिजे. एका शिक्षकावर केलेला खर्च शेकडो मुलांपर्यंत पोहोचावा, हा त्यामागील हेतू आहे.

अशा जाणत्या शिक्षकाच्या हाती संकेतस्थळ आले, म्हणजे काय घडू शकते? सँड्रा डे ओकॉनर यांच्या कार्यावरून याची कल्पना येईल. १९८१ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या व २००६ साली निवृत्त झाल्या. नव्या पिढीला आपल्या न्यायालयांचे व शासनाचे ज्ञान फार थोडे आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. निवृत्तीनंतर, २००९ साली, त्यांनी ‘आयसिव्हिक्स’ या संस्थेची स्थापना केली. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी मुलांना नागरिकशास्त्र शिकविण्यासाठी संगणकावरील खेळांची निवड केली!

त्यांतील एका खेळात विद्यार्थी वकिलांची कचेरी चालवितो. एकामागून एक अशिले येतात व आपापले गाऱ्हाणे सांगतात. त्यांपैकी कोणाच्या हक्काला खरोखर बाध आला आहे आणि कोणाची तक्रार घटनेत बसत नाही, हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे असते. मग त्या हक्काचा जाणकार वकील नेमून द्यावयाचा. खेळता खेळता मुलाला उमगते की, मनाला अप्रिय वाटणारी प्रत्येक गोष्ट काही अन्याय नसते आणि प्रत्येक अन्यायही निमूटपणे सोसावयाचा नसतो. जे कलम पाठ करूनही ध्यानात राहत नाही, ते एका अशिलाच्या गाऱ्हाण्यामुळे कायमचे स्मरणात राहते. ओकॉनर २०२३ साली निवर्तल्या. परंतु त्यांनी लावलेले हे रोपटे आजही वाढत आहे.

असे असले, तरी संकेतस्थळांच्या राज्यात सारेच सुवर्ण नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. एका संकेतस्थळाचे पहिले पान त्यांनी साधारण तुमच्याच वयाच्या मुलांना दाखविले. पानावर बातम्या होत्या व जाहिरातीही होत्या. एक मजकूर पैसे घेऊन छापलेला आहे, असे त्यावर लिहिलेले असतानाही शंभरांतील ऐंशीहून अधिक मुलांनी ती बातमीच मानली. मोठी माणसे तरी सावध असतील, असे आपणांस वाटेल. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका पाहणीत इतिहासाचे १० विद्वान, विद्यापीठातील २५ विद्यार्थी आणि वृत्तपत्रादी संस्थांसाठी तथ्ये पडताळणारे १० जण यांना काही संकेतस्थळे पारखण्यास सांगितले. पुष्कळसे विद्वान व विद्यार्थी संकेतस्थळाचे भारदस्त नाव आणि सुबक बोधचिन्ह पाहून फसले. पडताळणी करणाऱ्यांची रीत मात्र निराळी होती. ते त्या पानावर फार वेळ रेंगाळलेच नाहीत. या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात, हे त्यांनी दुसरीकडे जाऊन पाहिले आणि थोड्याच वेळात सत्य शोधून काढले.

नव्या गावात आपण असेच वागतो. दुकानदार आपला माल उत्तमच म्हणणार. म्हणून आपण शेजाऱ्यापाशी चौकशी करतो. संकेतस्थळ उघडतानाही तीन प्रश्न मनात ठेवावेत. हे कोण सांगत आहे? त्याला पुरावा काय? आणि इतर विश्वासू ठिकाणी याविषयी काय म्हटले आहे?

ही गोष्ट आपल्या देशालाही तितकीच लागू आहे. भारताच्या संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. या सभेतील चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर वाचावयास मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेले प्रसिद्ध भाषणही तीत आहे. राजकारणातील व्यक्तिपूजा लोकशाहीला कशी घातक ठरते, हे त्यांनी त्या वेळी बजावून सांगितले होते. आज मोबाइलवर थोर पुरुषांच्या नावे कितीतरी वाक्ये फिरत असतात. अशा वेळी ‘हे ते खरोखर म्हणाले होते काय?’ असे विचारून मूळ भाषण उघडून पाहणारा विद्यार्थी नागरिकशास्त्राचा खरा धडा शिकला, असे म्हणावे लागेल.

आज तुम्ही शाळेत आहात. परंतु १८ वर्षे पूर्ण होताच मतदार व्हाल. तेव्हा कोणती गोष्ट खरी व कोणती खोटी, हे सांगावयास वर्गशिक्षक तुमच्या जवळ नसतील. ज्याला पारख नाही, त्याचे मत दुसराच कोणी तरी ठरवितो. मॅडिसन यांच्या काळी ज्ञानाची दारे बंद होती, हे संकट होते. आज सर्व दारे एकदम उघडी आहेत, हीच आपली परीक्षा आहे. कोणत्या दारातून आत जावे, हे ओळखण्याची सवय विद्यार्थिदशेतच लावून घेतली पाहिजे.