चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी

आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास सौंसर तहसिलीतल्या आमच्या बोरगावच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू असते, कपाशीची पहिली वेचणी कुठे लागलेली असते तर कुठे लागायची असते, आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांचा सौदा करण्यासाठी व्यापाऱ्यांच्या गाड्या बागाबागांतून फिरू लागलेल्या असतात; म्हणजे शेतकऱ्याला क्षणाचीही उसंत नसावी, असेच ते दिवस. तरीही त्या दिवशी सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखातून कितीतरी माणसे डोक्यावर भगवी टोपी घालून, पिशवीत खंजिरी घेऊन, वरूड-मोर्शीच्या वाटेने अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीस जातात. आणि ज्यांना जाणे घडत नाही ती सायंकाळच्या आत हातातले काम उरकून गावातच प्रार्थनेच्या जागी जमतात. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली की सर्वजण उठून उभे राहतात आणि स्तब्ध होतात. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, याच तिथीला आणि याच मिनिटाला, तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात देह ठेवला.

महाराजांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना राष्ट्रसंत म्हणतात, आणि ही पदवी डॉ. राजेंद्रप्रसादांनी दिली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. भारत सरकारने १९९५ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. नागपूर विद्यापीठाने २००५ साली त्यांचे नाव धारण केले. ग्रामोद्धार, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण, सर्वधर्मसमभाव या प्रत्येक विषयावरील व्याख्यानात त्यांचा उल्लेख होतो, आणि तो यथार्थच आहे. परंतु आमच्या भागातली जी पिढी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली होती, त्या पिढीच्या तोंडून मी लहानपणी जे वाक्य वारंवार ऐकले ते असे नव्हते की, आम्ही महाराजांचा उपदेश ऐकला. ते म्हणत, ‘आमी महाराजांची खंजेरी आयकली.’ त्या म्हाताऱ्यांच्या लेखी हा मनुष्य प्रथम गवई होता, वाजवणारा होता, आणि त्याचे संतत्व त्यांना त्या वादनातून आणि गायनातून कळले होते. हा क्रम आपण उलटा केला आहे, असे मला वाटते. संताचे स्मारक उभे करताना त्याच्यातला संगीतकार आपण सभामंडपाबाहेर उभा ठेवला.

त्यांचे मूळ नाव माणिक. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी बंडोजी आणि मंजुळाबाई या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घरी शिवणकाम, आणि दारिद्र्य तर असे की शाळा फार दिवस चाललीच नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सान्निध्यात हा मुलगा भजने म्हणू लागला. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, तुकाराम महाराजांचे अभंग म्हणताना शेवटी येणारी ‘तुका म्हणे’ ही प्रसिद्ध नाममुद्रा ऐकून गुरूंनी त्याला विचारले, तू दुसऱ्याचेच किती दिवस म्हणणार, आता ‘तुकड्या म्हणे’ असे म्हण. कथेचा शब्दन् शब्द कोणी दप्तरात नोंदवून ठेवलेला नाही. पण पुढील आयुष्यभर त्यांच्या हजारो पदांच्या शेवटी हीच मुद्रा उमटत राहिली. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यांत ते हिंडले. यांपैकी सालबर्डी आमच्या माणसांना आपलीच वाटते, कारण महादेवाच्या गुहेचे ते ठिकाण अमरावती आणि बैतुल या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, सातपुड्याच्या कुशीत आहे, आणि १९३५ साली महाराजांनी तेथे केलेल्या महायज्ञाला लक्षावधी माणूस लोटला होता.

आता त्या वाद्याकडे जरा जवळून पाहू. आमच्या घरी देवघराशेजारच्या खुंटीला एक जुनी खंजिरी टांगलेली आहे. वीतभर व्यासाचे लाकडी कडे, त्याच्या एका अंगाला ताणून चिकटवलेले कातडे, कड्यात पाडलेल्या उभ्या खाचांत खिळ्यावर ओवलेल्या पातळ चकत्या, आणि डाव्या हाताचा पंजा वर्षानुवर्षे जेथे पडला तेथे लाकडाला आलेली तुळतुळीत चकाकी, एवढाच तिचा संसार. पूर्वी खंजिरीला घोरपडीचे कातडे लावीत. ते पातळ, चिवट आणि आवाजाला तेज असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, ही योग्य गोष्ट झाली, आणि तेव्हापासून शेळीच्या कातड्यावर किंवा कृत्रिम पडद्यावर काम चालते. आजोबा भजनाला निघण्यापूर्वी खंजिरी चुलीच्या धगीवर धरून सावकाश फिरवीत. दमट हवेने कातडे सैल पडते आणि आवाज बद्द होतो. ऊब लागली की ते पुन्हा ताणले जाते. मधूनमधून ते बोटाने टिचकी मारीत, कान जवळ नेत, नाही म्हणून मान हलवीत, आणि पुन्हा धगीवर धरीत. मग एका क्षणी टिचकीचा स्वर टणत्कारासारखा उठे, आणि आजोबा एक शब्दही न बोलता चपला पायांत सरकवीत.

या वाद्याला मृदंगासारखी दोन मुखे नाहीत, तबल्यासारखी शाई नाही, आणि ते मांडून बसावे लागत नाही. डाव्या हाताने धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. धरलेल्या हाताची बोटे कातड्यावर किंचित दाबली की स्वर वरखाली होतो, मनगट हलले की चकत्या खणाणतात. तालही त्यातच आणि झांजही त्यातच. झोळीत मावणारे आणि चालता चालता वाजणारे वाद्य फकिराला, जोग्याला, अरण्यात फिरणाऱ्या साधूला सोयीचे, यात नवल नाही. परंतु महाराजांनी त्याचे जे केले ते निराळे. रात्रभर हजारोंचा समुदाय एका जागी बसवून ठेवण्याचे काम त्यांनी या तळहाताएवढ्या वाद्याकडून करवून घेतले, आणि ज्याला गाता येत नाही अशा माणसालाही ध्रुवपद उचलायला लावले. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत श्रोता ऐकतो आणि दाद देतो. खंजिरी भजनात श्रोता असा कोणी उरतच नाही, कारण पुढचा गायक ओळ टाकतो ती मागच्यांनी झेलण्यासाठीच टाकतो.

त्यांच्या भजनांची पुस्तके उघडली तर मराठी पदांवर ‘चाल’ आणि हिंदी पदांवर ‘तर्ज’ असे लिहून एखाद्या परिचित गीताचा निर्देश केलेला आढळतो. काही विद्वानांना यात मौलिकतेचा अभाव दिसेल. मला त्यात फार मोठी जाण दिसते. ज्या शेतकऱ्याला स्वरलिपी वाचता येत नाही, त्याच्या हातात नवे पद देताना त्याच्या ओठांवर आधीच असलेली चाल द्यावी, म्हणजे ते पद त्याच रात्री त्याचे होते. नव्या चालीचा अभिमान बाळगण्यापेक्षा गाणे गावभर व्हावे याचा आग्रह त्यांनी धरला, आणि ती निवड एका कसबी संगीतकाराची निवड आहे.

या गाण्यात किती ताकद होती, हे इंग्रज सरकारला १९४२ साली उमगले. १६ ऑगस्ट रोजी चिमूर पेटले, आष्टी पेटली, आणि त्या उठावामागे ज्या प्रेरणा होत्या त्यांत महाराजांच्या भजनांचा वाटा मोठा होता, असे त्या काळच्या लोकांनी मानले आणि सरकारनेही मानले. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली, आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. हाती शस्त्र नसलेल्या भजनी माणसाला सरकारने बंदिवान करावे, यापेक्षा त्याच्या वादनाची निराळी पावती कोणती असू शकेल? तत्पूर्वी १९३६ साली गांधीजींच्या सान्निध्यात सेवाग्रामला ते सुमारे महिनाभर राहिले होते. आणि पुढे १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेत तीच खंजिरी निनादली.

आमच्या बोरगावच्या दृष्टीने या कथेत एक गोष्ट विशेष आहे. जुन्या मध्यप्रांतात छिंदवाडा आणि नागपूर एकाच सरकारच्या अमलाखाली होते. सौंसर तहसिलीतल्या माणसाचा बाजार, दवाखाना, सोयरीक, कोर्टकचेरी यांपैकी बरेचसे घाटाखालीच, नागपूरकडे होते, आणि घराघरांतली भाषा मराठी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. हद्दीचे दगड रोवले गेले, मुलांची शाळा हिंदीत झाली. ज्या एका गोष्टीला ही हद्द आडवी आली नाही, ती म्हणजे भजन. महाराजांनी मराठीत जेवढ्या सहजतेने रचना केली तेवढ्याच सहजतेने हिंदीतही केली. ‘लहर की बरखा’ हा त्यांचा हिंदी भजनसंग्रह आमच्या भागात मराठी भजनांच्या जोडीने फडताळात असतो. एकाच रात्री मंडळी मराठी पद म्हणतात आणि त्याला जोडून हिंदी पद घेतात, आणि भाषा कोठे बदलली हे गाणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. कचेरीच्या पाट्या पुन्हा एकदा बदलल्या. मोझरीची वाट मात्र तीच राहिली.

महाराजांनी आपल्या पश्चात काय राहील याची व्यवस्था जिवंतपणीच केली होती. १९४३ साली श्रीगुरुदेव सेवा मंडळ स्थापन झाले, गावोगाव त्याच्या शाखा झाल्या, आणि सामुदायिक प्रार्थनेचा नेम लागला. १९५५ च्या डिसेंबरात ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. एक्केचाळीस अध्याय आणि ४६७५ ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला अर्पण केला. पण खरी व्यवस्था मला वेगळीच वाटते. इतर थोर गायकांच्या मागे ध्वनिमुद्रिका राहतात, शिष्य राहतात, घराण्याचे नाव राहते. आणि जेव्हा ते गातात तेव्हा गाणे त्यांचे असते, आपण ऐकणारे. महाराजांच्या मागे हजारो गावांत एकेक खंजिरी राहिली आणि ती वाजवणारे हात राहिले. अकोट परिसरातून पुढे आलेले सत्यपाल महाराज तर सात खंजिऱ्या पुढ्यात मांडून कीर्तन करतात आणि त्यांना सप्तखंजिरीवादक म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. त्या वाद्याची शक्यता अजून संपलेली नाही, याचे ते प्रत्यक्ष प्रमाण आहे.

एक खंत मात्र बोलून दाखवायला हवी. अलीकडे पुण्यतिथीच्या कार्यक्रमांत कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात, विजेवर चालणारी पेटी आणि तयार ताल येतात, आणि त्या गदारोळात खंजिरी हातात असूनही ऐकू येत नाही. भजनस्पर्धांनी तरुण मुले या मार्गाला लागली, हे मला मान्य आहे आणि त्याचा आनंदही आहे. परंतु बक्षिसासाठी बसवलेल्या भजनात ओळ झेलणारे मागचे लोक शोभेपुरते उरतात. ज्या कलेचा प्राणच मागच्यांच्या तोंडात आहे, तिची स्पर्धा लावताना परीक्षकांनी गायकाकडे कमी आणि साथीकडे अधिक कान द्यावा.

मोझरीला मी ते दोन क्षण पाहिले आहेत. आश्रमासमोरच्या प्रांगणात दृष्टी पोहोचेल तेथवर भगव्या टोप्या, बाया पदर सावरून उभ्या, लहान मुले खांद्यावर. घंटेचा नाद झाला आणि एवढा प्रचंड जनसमुदाय एकाएकी निःशब्द झाला. नागपूर-अमरावती रस्त्यावरून येणारी घरघर थांबली. आयुष्यभर ज्याने माणसांना मोठ्याने गायला शिकवले, त्याच्यासाठी माणसांनी गप्प राहावे, यातली संगती तोपर्यंत मला कळली नव्हती. माझ्या शेजारी आमच्याच बाजूचे एक वयोवृद्ध गृहस्थ उभे होते. डोळे मिटलेले, खंजिरी छातीशी धरलेली, आणि तिच्या चकत्या चुकूनही वाजू नयेत म्हणून उजव्या हाताची चारही बोटे त्यांनी कड्याभोवती घट्ट आवळून धरली होती. मौन सुटले, निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना सुरू झाल्या, तरी त्यांची बोटे बराच वेळ तशीच होती. नंतर पांढुर्ण्याच्या गाडीत ते माझ्या समोरच्या बाकावर बसले, खंजिरी मांडीवर ठेवली, पाणी प्याले आणि शेजारच्या पोराला म्हणाले, ‘तू माग्ं बस, मी ओळ टाकतो.’