दिव्यांगांसाठीची स्थानिक मदत: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ही मोजणी २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमापूर्वीची असल्याने, आज कायद्याने मान्य केलेले अनेक प्रकार तिच्यात स्वतंत्रपणे मोजलेलेच नाहीत. या व्यक्तींच्या कुटुंबांत एक समजूत फार खोलवर रुजलेली आढळते: मदत मुंबईत मंत्रालयात, पुण्यात आयुक्तालयात किंवा एखाद्या नावाजलेल्या संस्थेत असते आणि ओळखपाळख असल्याखेरीज ती गावापर्यंत पोहोचत नाही. ही समजूत अनुभवातून आलेली असली, तरी तिने होणारे नुकसान मोठे आहे, कारण कायद्याने ज्यांच्यावर पहिली जबाबदारी टाकली आहे त्या ग्रामपंचायतीकडे, तहसील कार्यालयाकडे किंवा नगरपालिकेकडे अशी कुटुंबे जातच नाहीत.

पहिला गैरसमज दिव्यांगत्व कशाला म्हणावे याविषयीचा आहे. कुबड्या, चाकांची खुर्ची किंवा पांढरी काठी दिसली तरच माणूस दिव्यांग, असे आजही मानले जाते. १९९५च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. १९ एप्रिल २०१७पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमाने ते २१ केले आणि त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल यांचा समावेश झाला. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, परंतु आपल्या मुलाचा रक्ताचा आजार कायद्याच्या दृष्टीने दिव्यांगत्व ठरू शकतो, हे त्यांच्या पालकांना सहसा कोणी सांगितलेले नसते. येथे एक भेदही ध्यानात ठेवावा लागतो. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे हे आजार नाहीत, मात्र उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागा आणि ६ ते १८ वर्षे वयापर्यंतचे मोफत शिक्षण ही तरतूद ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेल्या सर्वांसाठी आहे. लक्षणीय दिव्यांगत्व म्हणजे अधिकृत वैद्यकीय प्राधिकाऱ्याने किमान ४० टक्के प्रमाणित केलेले दिव्यांगत्व. त्याहून कमी प्रमाण असलेल्यांना बहुतेक योजनांचा लाभ मिळत नाही हे खरे, पण भेदभावाविरुद्धचे संरक्षण टक्केवारीवर अवलंबून नाही.

वैश्विक ओळखपत्र, म्हणजे सर्वत्र ‘यूडीआयडी’ या नावाने ओळखले जाणारे कार्ड, हाती आले की सर्व लाभ आपोआप सुरू होतात, असाही समज आहे. वस्तुस्थिती अशी की हे कार्ड केवळ ओळख सिद्ध करते. प्रत्येक लाभ वेगळ्या खात्याच्या अखत्यारीत असतो आणि ही खाती एकमेकांना काही कळवत नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा लागतो. साध्या एसटी बसच्या भाड्यातील ७५ टक्के सवलत परिवहन महामंडळाकडे, शाळेतील विशेष शिक्षकाची मदत शिक्षण विभागाच्या गट साधन केंद्राकडे, तर कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र, तीनचाकी सायकल अशी साधने केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून, बहुधा जिल्हा वा तालुका पातळीवर भरणाऱ्या तपासणी शिबिरांतून मिळतात. निराधार योजनेत दिव्यांगांसाठीचे मासिक अनुदान २०२५मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्यात आले, ही वाढ स्वागतार्ह आहे. पण दिव्यांगांसाठीची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांहूनही कमी आहे, आणि आजच्या मजुरीच्या दरात ही अट अनेक खरोखर गरजू घरांना बाहेर ठेवते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

सर्वांत कमी ठाऊक असलेली तरतूद गावातच असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या स्वउत्पन्नापैकी ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावी, असा शासनाचा दंडक आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी यांसारख्या स्वतःच्या वसुलीतून मिळणारे पैसे, शासनाकडून येणारे अनुदान नव्हे. चार लाख रुपये स्वउत्पन्न असलेल्या ग्रामपंचायतीत हा निधी वीस हजारांचा होतो, म्हणजे रक्कम लहानच. तथापि औद्योगिक वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींत आणि मोठ्या महानगरपालिकांत ती फार मोठी असू शकते. हा निधी सरपंचाच्या मर्जीतला दानधर्म आहे, असे गावोगाव मानले जाते आणि दिवाळीला चादरी वाटून तो संपवण्याची पद्धतही पडलेली दिसते. वास्तविक त्यावर गावातील दिव्यांगांचा हक्क आहे. त्यासाठी ग्रामसेवकाकडे, ज्याचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे आहे, गावातील दिव्यांगांच्या यादीत नाव नोंदवून घ्यावे लागते. निधी कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न ग्रामसभेत मांडता येतो. आणि मागील वर्षांचा खर्च माहिती अधिकाराच्या अर्जाने मागवता येतो. शहरांत हेच काम महानगरपालिकेचा समाजविकास किंवा समाजकल्याण विभाग पाहतो. चादरीऐवजी शौचालयाला आधाराचा दांडा, घराच्या उंबऱ्यापाशी उतार किंवा फिजिओथेरपीचा प्रवासखर्च मागणे, हा या निधीचा कितीतरी अधिक सार्थ उपयोग आहे.

लहान मुलांच्या बाबतीत ‘थोडे मोठे होऊ द्या, बोलेल, चालेल’ हा सल्ला घरातली वडीलधारी माणसे प्रेमापोटी देतात, आणि त्यात मोलाची पहिली वर्षे निघून जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी होते, आणि विकासात विलंब आढळल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे बहुधा जिल्हा रुग्णालयातील विशेष कक्षाकडे पाठवले जाते. पालकांना स्वतः आशाताईंकडे किंवा अंगणवाडीताईंकडे शंका बोलून दाखवता येते.

कायद्याच्या अंगाने सर्वांत महागात पडणारा गैरसमज पालकत्वाचा आहे. आईवडील हे मुलाचे आयुष्यभराचे पालक असतात, असे गृहीत धरले जाते; परंतु बौद्धिक दिव्यांगत्व असलेली व्यक्तीही १८ वर्षे पूर्ण होताच कायद्याने सज्ञान ठरते, आणि मग बँकेत, मालमत्तेच्या व्यवहारात किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत अडचणी उभ्या राहतात. १९९९च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व या चार प्रकारांत पालक नेमण्याचा अधिकार स्थानिक स्तर समितीला आहे. या समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. आईवडिलांच्या पश्चात कोण, हा प्रश्न अनेक घरांत रात्रंदिवस सलत असतो, आणि त्याच्या उत्तराची पहिली पायरी जिल्हाधिकारी कार्यालयातच आहे. उलट बाजूने, प्रत्येक दिव्यांग प्रौढाला पालक हवाच असेही नाही. अंध किंवा अस्थिव्यंग असलेली व्यक्ती स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकते, आणि तिच्याकडे पालकाची सही मागणे कायद्याला धरून नाही. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना वरील चार प्रकारांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तीत उपचारपद्धतींचा, म्हणजे थेरपीचाही खर्च येतो.

मदत म्हणजे वसतिगृहात किंवा संस्थेत ठेवणे, ही कल्पनाही जुनी आहे. २०१६च्या अधिनियमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला असून घरी मिळणाऱ्या साहाय्याची तरतूदही केली आहे. प्रत्यक्षात घरी येणारा साहाय्यक हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे, आणि हा भार बहुतेक वेळा आईवर पडतो. ज्यांचे काम या उणिवेच्या जवळ जाते अशा संस्था महाराष्ट्रात आहेत: कोल्हापुरातील ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्वतः चाकांच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी उभी केली, तर मुंबईत वांद्रे येथे श्रवण व वाचा दोषांसाठी अली यावर जंग संस्था आणि हाजी अली येथे शारीरिक पुनर्वसनासाठी केंद्र शासनाची संस्था आहे. तरीही रोजच्या जगण्यात अधिक उपयोगी पडतात ते तालुक्यातील इतर पालक, कारण कोणत्या टेबलावर कोणता कागद लागतो, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

अर्ज नाकारला की विषय संपला, असे समजू नये. अधिनियमाने प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे, आणि पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते, ज्यांना साक्षीदार बोलावणे व कागदपत्रे मागवणे याबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. म्हणूनच तोंडी विनंतीऐवजी लेखी अर्ज करणे आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेणे आवश्यक ठरते, कारण पुढच्या तक्रारीत तोच कागद पुरावा म्हणून उभा राहतो.