टकटक नव्हे, टॅपिंग!

मैत्रिणींनो, चाळिशी उलटलेल्या बाईनं इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतली म्हटलं की तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा बापड्या! आमच्या सासूबाई तर आठवडाभर हसत होत्या. पण आधी सगळी हकिगत ऐकून घ्या.

आम्ही राहतो वारंगा फाट्यावर. कळमनुरी तालुक्यातल्या ह्या फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला आणि एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. रात्रंदिवस ट्रक, एस. टी. आणि खिचडी खायला थांबलेली माणसं. ह्यांचं टायरचं दुकान रस्त्यालाच आहे. आमचा धाकटा दोन वर्षं नांदेडला राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास करून आला. मार्क कमी पडले. तेव्हापासून खोलीचं दार बंद. जेवायला हाक मारली की आतून आवाज, "ठेव तिथंच." बापलेकांत बोलणं म्हणून उरलं नव्हतं. त्यातच कळलं, की नांदेडला असताना ह्यानं मेसच्या पैशातून वाचवून कुणाकडून तरी जुनी गिटार घेतलीय. मग काय विचारता! मार्क कमी पडायला कारण सापडलं. "ते लाकूड आधी विकून टाक," एवढं एकच वाक्य हे त्याला उद्देशून बोलायचे.

एका दुपारी बंद दारामागून टकटक ऐकू आली. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज फुगवणारं यंत्र, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बंद असला तर ती अगदी दबकं वाजते. शेजारच्या खोलीतही जेमतेम ऐकू जाते. मी दार ढकलून पाहिलं तर ह्याचे दोन्ही हात गिटारच्या दांड्यावर! लहानपणी मी पेटी शिकले होते, त्यामुळे एवढं कळत होतं की डाव्या हातानं सूर धरायचा आणि उजव्यानं तार छेडायची. मी म्हटलं, "अरे, छेडतोस कुठं तू?" तर सहा महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी पंधरा मिनिटं सलग बोलला. त्यातलं मला फारसं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मला शिकव." खरं सांगू? मला गिटारपेक्षा ते दार उघडं हवं होतं.

आता हे टॅपिंग म्हणजे काय ते ऐका. उजव्या हाताच्या बोटानं तार छेडायची नाही, तर दांड्यावरच्या पडद्यालगत ती वरून ठोकायची, की सूर वाजतो. मग तेच बोट किंचित बाजूला ओढत उचलायचं, म्हणजे तार आपोआप छेडली जाते आणि डाव्या हाताच्या बोटानं धरून ठेवलेला खालचा सूर वाजतो. मग डाव्याच हाताचं दुसरं बोट ठोकायचं, की तिसरा सूर. सतारीवर तार ओढून जे कृंतन करतात, त्याचंच हे भावंड म्हणा ना!

माझा पहिला धडा असा होता. सगळ्यात बारीक तार घ्यायची. डाव्या हाताची तर्जनी पाचव्या पडद्यावर पक्की ठेवायची, ती उचलायचीच नाही. उजव्या हाताचं मधलं बोट बाराव्या पडद्यावर ठोकून ओढायचं आणि डाव्या करंगळीनं आठवा पडदा ठोकायचा. बारा, पाच, आठ. बारा, पाच, आठ. दोन दिवस नुसती टकटक झाली. तिसऱ्या दिवशी कानात काहीतरी लखकन् चमकलं. अहो, हे तर प, सा आणि कोमल ग! पांढरी सहा सा धरून पेटीवर वाजवून पाहा, हेच येईल. आठव्याऐवजी नवव्या पडद्यावर करंगळी नेली की गंधार शुद्ध होतो आणि उदास चाल एकदम हसरी होते. हे मी लेकाला सांगितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला पडद्यांचे नंबर पाठ होते, सरगम कुणी सांगितलीच नव्हती. त्या दिवसापासून मी शिष्या आणि अर्धी मास्तरीण झाले.

सासूबाई मात्र बाहेरून ओरडायच्या, "काय टकटक लावलीस गं माय! मुंग्या मारायलीस का?"

ह्या वाद्याची कुळकथाही गमतीची आहे. पहिली नावाजलेली इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेत 1931 साली घडवली गेली, आणि तिच्या गोल पोटामुळं तिला लोक चक्क 'फ्राइंग पॅन' म्हणत, म्हणजे तळणीचा तवा! पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की त्याभोवतीच्या तारेच्या गुंडाळीत बारीकशी वीज उमटते, तीच मोठी करून ऐकायची. आवाज वीज मोठा करते म्हणून तर नुसत्या बोटाच्या ठोक्यानं काम भागतं. जिमी वेब्स्टर नावाच्या गृहस्थानं 1952 सालीच ह्या ठोकण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं होतं. पण जगभर वेड लावलं ते एडी व्हॅन हेलननं. 1978 साली त्याचा 'इरप्शन' हा पावणेदोन मिनिटांचा तुकडा निघाला आणि पोरं चक्रावली, की हे दोन जण वाजवताहेत की एक? मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'मधला गिटारचा सोलो त्याचाच. तो त्यानं एक पैसाही न घेता वाजवून दिला होता. 2020 साली तो गेला.

आणि आता आपल्या जातीची गोष्ट. 1987 ते 1989 ह्या काळात मायकेल जॅक्सन जगभर कार्यक्रम करत फिरला, तेव्हा रंगमंचावर गिटार वाजवणारी एक बाई होती, जेनिफर बॅटन. त्याआधीच, 1984 साली, तिनं टॅपिंगवर पुस्तक लिहिलेलं होतं. लेकानं मोबाइलवर तिचं वादन दाखवलं. सासूबाईंनीही चष्मा लावून पाहिलं. केसांचा भला मोठा पिंजारलेला ढीग पाहून म्हणाल्या, "हिला कुणी तेल लावत नाही का?"

केसांवरून आठवलं. टॅपिंग करताना बाकीच्या तारा उगीच गुणगुणतात. त्यावर उपाय म्हणजे आपलं केसांचं कापडी रबर! दांड्याच्या टोकाला, पहिल्या पडद्याजवळ ते तारांवर चढवायचं, की गुणगुण बंद. मोठे मोठे वादकही असंच करतात. माझं निळं रबर आता कायमचं गिटारलाच आहे. नखं दोन्ही हातांची कापलेली हवीत. बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळतात, मग कातडी टणक होते. पण मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखला तर तिथंच थांबा, रेटू नका. हात धुऊन, कोरडे करूनच तारांना लावायचे आणि वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसायच्या, नाहीतर गंजतात. आणि यंत्रावरचा तो खरखरीत आवाजाचा खटका सुरुवातीला लावूच नका. तिखट जास्त घातलं की कच्ची राहिलेली भाजीसुद्धा खपून जाते, तसं होतं. तीनही सूर सारख्याच जोराचे येतात का, हे साध्या आवाजातच कळतं.

एवढं सुरळीत चाललं असताना एका रविवारी ह्यांनी गिऱ्हाईक आणलं. सात हजारांत गिटार ठरवूनसुद्धा टाकलेली. लेकानं काही न बोलता ती पिशवीत घातली, माझं रबर तेवढं काढून माझ्या हातात दिलं. मला ते पाहवेना. त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती. मी आत जाऊन डबा काढला, सात हजार ह्यांच्यासमोर मोजले आणि म्हटलं, "गिऱ्हाईक मी आहे." ते गृहस्थ चहा पिऊन गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तेच पैसे त्यांनी लेकापुढं ठेवले नि विचारलं, "बी. एस्सी.चा फॉर्म कधीपर्यंत भरायचा आहे?" हे त्यांनी लेकाला विचारलं, मला नव्हे, हे ध्यानात घ्या. आता डॉक्टरकीचं पुढं काय, ह्यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. पण वाद तरी समोरासमोर होतो.

आता तो नांदेडला असतो, शनिवारी एस. टी.नं येतो. गिटार माझी, म्हणून माझ्याकडे. दुपारी तीनला भांडी आटोपली की मी वीस मिनिटं बसते. मोबाइलवर मिनिटाला साठ ठोके लावायचे आणि एका ठोक्यात तीन सूर बसवायचे, दादऱ्यासारखे. परवा मला वाटलं, आता ऐंशीवर जायला हरकत नाही. मोठ्या तोऱ्यात लेकाला वाजवून दाखवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "आई, करंगळीचा सूर खातेस तू." पुन्हा साठवर आणून बसवलंय मला.