थोडें औषध, लांबची वाट

तलासरीच्या रुग्णास परळचें टाटा रुग्णालय गांठावयाचें, म्हणजे आधीं डहाणू रोड स्थानकावर यावयाचें, मग आगगाडीनें दादर. तोंडाचा कर्करोग पुढें गेलेल्या माणसास ही वाट किती वेळां झेपेल, हा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे.

निव्होलुमॅब हें नवें औषध कर्कपेशींस स्वतः मारीत नाहीं. शरीरांतील रक्षक पेशींवर पडलेला लगाम तें सैल करतें. मात्र त्याची किंमत ऐकून सुस्थितींतील कुटुंबहि हात टेकतें! दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम देण्याचा रिवाज असतां, टाटा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं तीन आठवड्यांस अवघे २० मिलिग्रॅम, पोटांत घ्यावयाच्या तीन औषधांच्या जोडीस देऊन पाहिलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत डोकें व मान यांच्या कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. वर्षाअखेर हयात राहिलेल्यांचें प्रमाण केवळ तीं तीन औषधें घेणाऱ्यांत शेंकडा १६.३, तर निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांत ४३.४ भरलें. रोग समूळ गेला, असें मात्र यावरून समजूं नये.

‘गांठ लहान वाटते’ हें घरच्यांचें माप येथें चालत नाहीं. ठराविक अंतरानें सी. टी. स्कॅन काढून पूर्वींच्या चित्राशीं ताडावें लागतें. क्वचित् रक्षक पेशी जमल्यामुळें गांठ आधीं फुगते व मग ओसरते. त्यामुळें एका चित्रावरून निकाल देणें कठीण. उलट, दम लागणें किंवा वारंवार जुलाब होणें हें घरगुती काढ्यानें दडपूं नये. चेतलेल्या रक्षक पेशी स्वतःच्याच फुप्फुसावर वा आंतड्यावर उलटल्याची ती खूण असूं शकते; त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. आणि दर खेपेस निराळा पुतण्या पाठविण्यापेक्षां एकच माणूस व एकच वही रुग्णासोबत जावी.